व्हीआर लावून चालणं: पक्षाघातानंतरचे सहा आठवडे

व्हीआरचा (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे संगणकाने उभं केलेलं आभासी दृश्य) हेडसेट डोक्यावर चढवण्याआधी पेशंटला १४ मीटरच्या मोकळ्या पॅसेजमध्ये चालवून घ्यायचं. पहिले दोन आणि शेवटचे दोन मीटर सोडून द्यायचे, मधल्या १० मीटरांना किती सेकंद लागले तेवढंच मोजायचं. २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर, साडेबारा लागले तर ०.८. ०.४ च्या खाली असलेला माणूस घरातल्या घरात चालतो, ०.४ ते ०.८ मधला वाडीपुरता बाहेर पडतो, आणि ०.८ च्या वर गेलेला बाजारहाट करू शकतो, अशी ढोबळ वर्गवारी १९९५ पासून वापरात आहे. मात्र ती सपाट फरशीवरची आहे. ज्याचं घर पाखाडीच्या (दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या) तळाशी आणि एसटीचा थांबा माथ्यावर, त्याला ०.८ चा आकडा फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून वेगाबरोबर घरची वाटही लिहून घ्यावी लागते: उंबरठे किती, ओटीची पायरी केवढी, संडास-न्हाणीघर मागच्या अंगाला आहे का, पाणंदीत पावसाचं पाणी येतं का. पुढचे सहा आठवडे पडद्यावर काय दाखवायचं, ते या यादीवरून ठरतं.

अंगावरून वारं गेल्यावर लगेच व्हीआर सुरू करायची घाई नको. पहिल्या २४ तासांतच पेशंटला जास्त वेळ आणि वारंवार उठवलं तर तीन महिन्यांनंतरची स्थिती उलट थोडी खालावते, हे २०१५ च्या 'अव्हर्ट' या मोठ्या चाचणीत दिसलं. आमच्याकडे व्हीआर चालू होतं ते घरी सोडल्यानंतर, बीपी आटोक्यात आल्यावर, आणि माणूस एकाच्या आधाराने चार पावलं टाकायला लागल्यावर. दोन टप्प्यांची सूचना कळली पाहिजे ('आधी थांबा, मग डावा पाय उचला'). बोलता येत नसलं तरी चालतं, पण समजायला हवं. विश्रांतीत बीपी १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी चालणंच नाही, मग व्हीआरचा प्रश्न येत नाही. अलीकडे फिट आलेली असेल, पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल, पायाला जखम असेल, तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हेडसेट डोक्याजवळ न्यायचा नाही, कारण त्यात लोहचुंबक असतात आणि रेडिओलहरीही. काही पेशंट चांगल्या हाताने स्वतःलाच लुळ्या बाजूला ढकलत राहतात. त्यांना 'सरळ' म्हणजे काय हेच मेंदू चुकीचं सांगत असतो. त्यांचा आधी भिंतीशी आणि आरशासमोर उभं राहण्याचा सराव पक्का करावा लागतो.

व्हीआर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर डोळे झाकणारा चष्मा येतो. प्रत्यक्षात बहुतेकांची सुरुवात मोठ्या पडद्यावर होते, आणि निम्म्याहून जास्त जणांचं काम पडद्यावरच भागतं असं आमचं मत आहे. ट्रेडमिल, समोर साधारण दीड मीटरवर ५५ इंची टीव्ही, पायांच्या हालचाली टिपणारे सेन्सर, वरून हार्नेस (अंगाला बांधून वर अडकवायचे पट्टे): एवढ्यावर भरपूर होतं. पडद्याकडे बघताना पेशंटला स्वतःचे पाय, दांडा, शेजारी उभा असलेला माणूस सगळं दिसत असतं. पक्षाघातानंतर तोल सांभाळायला माणूस डोळ्यांवर नको तेवढा विसंबतो. पायाच्या तळव्याकडून आणि घोट्याकडून येणारी खबर अर्धवट असते, म्हणून डोळे ती भरून काढतात. तेच डोळे झाकून वेगळंच चित्र दाखवलं तर तो जास्त डोलतो. हे पुढे जाऊन उपयोगाचं ठरतं, पण पहिल्या आठवड्यात नाही.

ट्रेडमिल निवडताना लोक मोटारीची ताकद बघतात. आम्ही बघतो तो सर्वांत कमी वेग. जिममधली ट्रेडमिल ताशी ०.८ किंवा १ किलोमीटरच्या खाली जात नाही आणि सुरू होताना हिसका देते. ज्याचा जमिनीवरचा वेग सेकंदाला ०.३ मीटर, म्हणजे ताशी जेमतेम १.१ किलोमीटर आहे, त्याला पट्ट्यावर त्याच्या तीन चतुर्थांश वेगाने सुरू करावं लागतं, म्हणजे ०.८. तिथून ०.१ च्या पायरीने वर. त्याहून मोठी उडी घेतली की पोटरी ताठरते, कारण हा ताठरपणा स्नायू किती वेगाने ताणला जातो त्यावर अवलंबून असतो. घोटा थरथरायला लागला, टाच टेकेनाशी झाली, की वेग वाढवण्याची ती वेळ नव्हे. एक पायरी खाली यायचं, आणि थरथर राहिलीच तर पट्टा थांबवून पोटरी सावकाश ताणायची.

हार्नेस वजन उचलण्यासाठी नाही, पडण्यापासून वाचवण्यासाठी. अमेरिकेत ४०८ पेशंटांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन उचलून धरणारी ट्रेडमिल घरी करून घेतलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरली नव्हती. फार वजन उचललं तर टाचेवर भार येत नाही आणि माणूस चवड्यावर तरंगत चालतो. पट्टे छातीवर दोन बोटं जातील एवढे घट्ट, मांडीचे पट्टे जांघेत रुतत नाहीत ना ते हाताने चाचपून बघायचं. लुळ्या बाजूच्या खांद्याचं विशेष. तो उतरलेला असेल तर काखेतला पट्टा त्याला वर ढकलतो आणि पेशंट दुखण्यामुळे वाकडा चालतो. अशा वेळी आधी हाताला झोळी, मग हार्नेस.

आता कपड्यांचं. कॅमेऱ्याने शरीर ओळखणारी यंत्रणा नेसलेल्या साडीत पाय शोधू शकत नाही. लुंगीतही तीच गत, दोन्ही पाय मिळून तिला एकच खांब दिसतो. पडद्यावरचा पुतळा मग मध्येच गुडघा मागे मोडतो किंवा पाय गायबच होतो. मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट कॅमेऱ्यावर बसवलेल्या जुन्या यंत्रणा अजून कुठे कुठे वापरात आहेत (त्याचं उत्पादन २०१७ मध्येच थांबलं), तिथे हा त्रास रोजचा. वयस्कर बायकांना पहिल्याच दिवशी 'पंजाबी ड्रेस घालून या' म्हटलं तर त्या दुसऱ्यांदा येतीलच असं नाही. साडीखाली सैल पायजमा घालायचा, हार्नेस घालताना साडी गुडघ्यापर्यंत खोचून घ्यायची, आणि पट्टे बांधायला बाई थेरपिस्ट, हा मधला मार्ग निघतो. नडगीला बांधायचे किंवा बुटावर चिकटवायचे सेन्सर असतील तर कपड्यांचा अडथळा जवळपास संपतो. पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. रबरी चप्पल लुळ्या पायातून तिसऱ्या पावलाला निसटते.

सत्र साधारण ४५ मिनिटांचं, आठवड्यातून तीनदा. आल्यावर पाच मिनिटं बसवून बीपी आणि नाडी, मग पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणणं, मग पट्ट्यावर तीन ते पाच मिनिटांच्या खेपा, मध्ये बसून विश्रांती. पट्ट्यावरचा एकूण वेळ १५ मिनिटांपासून २० पर्यंत वाढवत न्यायचा. शेवटची दहा मिनिटं पडदा बंद करून जमिनीवर. श्रम मोजायला नाडीवर सरसकट भरवसा ठेवता येत नाही, कारण बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. म्हणून '६ ते २० मध्ये किती दमलात?' हा प्रश्न विचारायचा. १२ ते १४ हवं. गाणं म्हणता येत असेल तर श्रम कमी पडतात, पुरं वाक्य बोलता येत नसेल तर जास्त होतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पावलांसाठी. २००९ च्या एका अमेरिकी निरीक्षणात, नेहमीच्या फिजिओथेरपीत चालण्याचा सराव घेतला त्या सत्रांत पेशंट सरासरी ३५७ पावलं टाकत होते. ताशी १ किलोमीटर वेग आणि ३५ सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर १५ मिनिटांत ७०० च्या वर पावलं होतात. रिकाम्या भिंतीकडे बघत एवढी पावलं टाकायला सांगितली तर माणूस सहाव्या मिनिटाला 'पुरे आता' म्हणतो. समोर वाट दिसत असली, वळणावर काहीतरी येत असलं, तर तोच माणूस खेप पुरी करतो. व्हीआरचा आम्हाला दिसलेला सर्वांत भरवशाचा उपयोग हाच. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० पेशंट होते. चालण्याचा वेग आणि तोल यांबद्दल ठाम काही सांगण्याइतका पुरावा तेव्हा मिळाला नव्हता. पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेल्यांसाठी २०२० मध्ये निघालेली अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं मात्र चालण्याच्या सरावाला व्हीआर जोडायला स्पष्ट अनुकूल आहेत. त्याच यादीत दम लागेल अशा वेगाने चालवणंही आहे, तेही तितक्याच ठामपणे. ज्यांच्याकडे व्हीआर नाही त्यांनी हळहळू नये, नुसत्या ट्रेडमिलवर वेग वाढवत नेणं हाही तेवढाच मान्य मार्ग आहे.

पडद्यावरची वाट किती वेगाने सरकावी, ही पहिली तांत्रिक मेख. पट्ट्याचा खरा वेग आणि चित्राचा वेग सारखा ठेवला तरी सरळ समोर बघणाऱ्याला चित्र सावकाश सरकतंय असं वाटतं. म्हणून चित्र थोडं जलद ठेवावं लागतं. उलट बाजूने, जी ट्रेडमिल माणसाच्या चालीप्रमाणे वेग बदलते तिच्यावर चित्र मुद्दाम सावकाश केलं तर माणूस नकळत पाय उचलतो आणि जलद केलं तर मंदावतो. साध्या, ठरल्या वेगाच्या ट्रेडमिलवर ही युक्ती चालत नाही, तिथे नुसतं चक्रावल्यासारखं होतं. तेव्हा आपली ट्रेडमिल कोणत्या जातीची ते आधी बघावं.

दुसरी मेख पावलांच्या लांबीची. एका पायाचं पाऊल आखूड पडतंय म्हणून त्याच पायापुढे लांब खुणा टाकायच्या, ही सरळधोपट समजूत बऱ्याचदा चुकते. चांगल्या पायाचं पाऊल आखूड पडत असेल तर दोष लुळ्या पायाचा असतो. त्याच्यावर भार देऊन उभं राहायला माणूस भितो, म्हणून चांगला पाय घाईघाईने टेकवतो. अशा वेळी अडथळा चांगल्या पायासमोर ठेवायचा. पडद्यावर ओंडका किंवा पाण्याचं डबकं त्या बाजूने आलं की चांगला पाय उंच आणि लांब टाकावा लागतो आणि तेवढा वेळ लुळ्या पायाला एकट्याने वजन पेलावं लागतं. नेमकं हेच हवं असतं. त्या क्षणी गुडघा मागे खटकन जातोय का ते बाजूने बघायचं. जात असेल तर टाचेखाली सेंटिमीटरभराची पाचर घालून बघायची. तेवढ्याने गुडघा शांत झाला तर पोटरी आखडलेली आहे, घोट्याला आधार देणाऱ्या स्प्लिंटचा कोन बदलायला हवा. पाचर घालूनही फरक पडला नाही तर मांडीचा पुढचा स्नायू तपासायचा.

तिसरी गोष्ट गुणांची. खेळाला गुण आवडतात, पेशंटला त्याहून जास्त. यंत्रणा पाय किती उंच गेला एवढंच मोजते, तो कसा गेला ते नाही. मग माणूस कंबर उचलून, पाय बाहेरून विळ्यासारखा फिरवून अडथळा पार करतो आणि पडद्यावर शाबासकी मिळवतो. आठवडाभर असं चाललं की तीच चाल पक्की होते. यावर उपाय दोन. पायाच्या बाहेरच्या बाजूला पडद्यावर बांध किंवा कुंपण उभं करायचं, त्याला पाय लागला की गुण वजा. आणि थेरपिस्टचा एक हात कंबरेवर, कायम. हात दमला की माणूस बदलायचा, हात काढायचा नाही. कानही उघडे ठेवायचे. पट्ट्यावर चवडा घासला की 'घर्रर्र' असा आवाज येतो, तो खेपेच्या शेवटी वाढला तर पेशंट दमलाय, सुरुवातीपासून असला तर स्प्लिंट सैल आहे.

एका बाजूचं भानच नसणं आणि एका बाजूचं दिसत नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पडद्यावर त्या वेगळ्या हाताळाव्या लागतात. दिसत नसेल त्याला मान वळवून शोधायला शिकवता येतं, तो पटकन शिकतो. भान नसलेल्याला डावीकडे काही राहून गेलंय हेच जाणवत नाही. त्याच्यासाठी आम्ही वस्तू आधी मध्यावर आणतो आणि दर खेपेला थोडी डावीकडे सरकवतो, आवाजासकट. "काकी, कोंबडी आली बघा डावीकडनं," असं म्हणण्यापेक्षा नुसता कोंबडीचा आवाज त्या बाजूच्या स्पीकरमधून सोडला तर मान लवकर वळते. मोटारसायकलचा हॉर्न मात्र पहिल्या दोन आठवड्यांत नको. दचकून गुडघा सुटतो.

हेडसेटकडे वळायचं ते पडद्यावर १५ मिनिटं चक्कर-मळमळ न होता चालता आल्यावर. पहिला दिवस खुर्चीत बसून, तीन ते पाच मिनिटं, स्थिर दृश्य. दुसऱ्या वेळी दांडा धरून उभं राहून, वजन एका पायावरून दुसऱ्यावर. पट्टा त्यानंतर, आणि तोही आधीच्या वेगापेक्षा कमी. दर दोन मिनिटांनी '० ते १० मध्ये कसं वाटतंय?' (० म्हणजे काहीच त्रास नाही) हे विचारायचं, ४ म्हटलं की थांबायचं. पण आकड्यावर विसंबून राहू नये. आपली माणसं सांगत नाहीत. "काय नाय हो, बरो आसंय मी," म्हणणारा माणूस एकदम गप्प झालेला असतो, सारखा आवंढा गिळतो, जांभया देतो, वरच्या ओठावर बारीक घाम येतो. यातलं एक दिसलं तरी हेडसेट उतरवून डोळे खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडावर टेकवायला सांगायचे. सत्र संपल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, कारण काहींना गरगरणं नंतर सुरू होतं आणि ते नेमकं रिक्षात बसताना.

हेडसेटचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि ते सगळं पुढे असतं. ज्याची मान आधीच एका बाजूला झुकते त्याला मागे वजन असलेला पट्टा लावावा लागतो. दोन भिंगांमधलं अंतर डोळ्यांच्या अंतराशी जुळवणं फार जण विसरतात. ५८ ते ७२ मिलिमीटर या पट्ट्यात बहुतेक मोठी माणसं बसतात, पण प्रत्येकाचं मोजायचं. ते चुकलं की दृश्य धूसर दिसतं आणि दोष मोतीबिंदूवर जातो. हेडसेटमधून खाली बघितल्यावर स्वतःचे पाय दिसत नाहीत. बुटांना सेन्सर लावून आत पाय दाखवले नाहीत तर अडथळा ओलांडण्याचा सराव देऊ नये. पाय दाखवले आणि ते खऱ्या पायापेक्षा मागाहून हलत असतील, तर तेही नकोत. त्या उशिरामुळे माणूस पाऊल अर्ध्यात अडकवून ठेवतो.

खोलीतलीच एक अडचण लवकर लक्षात येत नाही. फिजिओथेरपीच्या खोलीत भिंतभर आरसा असतोच. हेडसेट आपल्या कॅमेऱ्यांनी खोलीच्या खुणा ओळखून स्वतःची जागा ठरवतो. आरशात त्याला दुसरी खोली दिसते आणि चित्र मध्येच सरकतं. आरशावर पडदा ओढायचा. कोऱ्या पांढऱ्या भिंतीही त्याला आवडत नाहीत. दोन-चार कॅलेंडरं, तक्ते लावले की तो स्थिरावतो. अंधार पडला की पुन्हा भरकटतो.

अंधारावरून लाईटचा विषय. कोकणात पावसाळ्यात लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. लाईट गेली की पट्टा जागच्या जागी थांबतो, पण हेडसेट बॅटरीवर चालतो, त्यातली वाट पुढे सरकतच राहते. माणसाला पायाखाली थांबल्याचं कळतं आणि डोळ्यांना चालतोय असं दिसतं. तो पुढे झोकांडतो. पडणं हार्नेसमुळे टळतं, भीती टळत नाही, आणि भ्यालेला पेशंट पुढचे चार दिवस दांडा सोडत नाही. चित्राचा वेग थेट पट्ट्याच्या सेन्सरवरून घ्यायचा, म्हणजे पट्टा थांबला की चित्र थांबतं. ते शक्य नसेल तर पावसाळ्यात हेडसेट बाजूला ठेवून पडदाच वापरावा, तो निदान ट्रेडमिलबरोबर बंद होतो. घरगुती ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर ट्रेडमिलला पुरत नाही. दोन अश्वशक्तीची मोटार म्हणजे दीड हजार वॉट, आणि सुरू होताना त्याहून जास्त ओढ. आपत्कालीन दोरीची क्लिप पेशंटच्या कपड्याला लावतात, आम्ही ती थेरपिस्टच्या हातातही ठेवतो.

दमट हवेने भिंगांवर वाफ धरते. एसी खोलीत रात्रभर गार झालेला हेडसेट घामेजलेल्या तोंडावर चढवला की दोन मिनिटांत धुकं. पंधरा मिनिटं आधी सुरू करून ठेवला तर तो थोडा तापतो आणि वाफ कमी धरते. पंख्याचा झोत चेहऱ्यावर ठेवायचा. कोरड्या मऊ कापडानेच पुसायचं, स्पिरिट भिंगाला लावायचं नाही, वरचा थर जातो. तोंडाला लागणारा स्पंज घाम पितो आणि आषाढात त्याला बुरशी येते. त्याऐवजी पुसता येणारं सिलिकॉनचं आवरण, दर पेशंटला त्यावर सुती कापड. डबा बंद करताना आत सिलिका जेलच्या पुड्या. खारी हवा चार्जिंगच्या टोकांवर हिरवट थर धरते, तो आठवड्याला बघावा. आणि भिंगांवर उन्हाची तिरीप पडू द्यायची नाही. भिंग ऊन एका जागी गोळा करतं आणि आतला पडदा जाळतं, तो डाग जात नाही. अपडेटचं स्वयंचलित काम बंद ठेवावं, नाहीतर पेशंट हार्नेसमध्ये टांगलेला आणि हेडसेट नेटवर्क शोधत बसलेला.

ओळखीच्या वाटा दाखवायला सगळ्यांनाच आवडतं. ३६० अंशाच्या कॅमेऱ्याने देवळासमोरचं आवार, जेटी, एसटी स्टँड टिपता येतात. पण कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवूनच. चालत केलेलं चित्रण हेडसेटमध्ये दाखवलं की दुसऱ्याच्या पावलांचे हिसके डोळ्यांना बसतात आणि चांगला धडधाकट माणूसही ओकतो. स्थिर चित्रण उभं राहून वजन सरकवण्याच्या, मान वळवून बघण्याच्या सरावाला उत्तम. चालण्यासाठी संगणकावर उभी केलेली वाट हवी, तीत बांध, साकव, ओढलेलं दावं, आडवी आलेली म्हैस घालता येते. पायऱ्या घालू नयेत. डोळ्यांना पायरी दिसते, पाय उचलला जातो, आणि खाली सपाट पट्टा असल्यामुळे तो अपेक्षेआधी किंवा अपेक्षेनंतर टेकतो. गुडघ्याला धक्का बसतो. पाखाडीचे चिरे कधीच सारख्या उंचीचे नसतात, म्हणून १०, १५ आणि २० सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे जमिनीवर उलटसुलट मांडून तो सराव वेगळा घ्यायचा. चढासाठी ट्रेडमिलला ५-६ टक्के उंची देता येते. उतार साध्या ट्रेडमिलवर मिळत नाही, आणि कोकणात माणसं पडतात ती उतारावर. शेवाळलेल्या चिऱ्यावरचं घसरणंही कुठलाच पडदा शिकवत नाही. त्याला एकच उपाय, पावसाळ्याआधी वाट घासून घेणं आणि बाजूला बांबूचा कठडा बांधणं. हे घरच्यांना सहाव्या नाही, पहिल्या आठवड्यात सांगायचं, म्हणजे होतं.

चौथ्या आठवड्यापासून बोलणं मिसळायचं. चालताना शंभरातून सात-सात वजा करायला लावणं पुस्तकात असतं. आमच्याकडे बाजाराची यादी, नातवंडांची नावं उलट क्रमाने, भरती-ओहोटीच्या तिथी हे जास्त चालतं. बोलायला लागल्यावर पाऊल थांबलं तर वेग कमी करायचा, बोलणं थांबवायचं नाही. ट्रेडमिल आणि पडदा वापरून अडथळे आणि लक्ष विभागण्याचा सराव दिल्याने पडण्याचं प्रमाण नुसत्या ट्रेडमिलपेक्षा घटतं, हे २०१६ च्या एका चाचणीत ३०२ वृद्धांमध्ये दिसलं होतं. ते पक्षाघाताचे पेशंट नव्हते, बरेच पार्किन्सनचे होते. तरी कल्पना घेण्यासारखी आहे.

दर सत्राची शेवटची दहा मिनिटं जमिनीवर घालवायची, हा नियम गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी मोडला जातो. तो मोडू नये. पट्टा पाय आपोआप मागे नेतो, जमीन नेत नाही. पट्ट्यावर उत्तम चालणारा माणूस खाली उतरल्यावर पुन्हा पाय ओढतो, कारण पुढे ढकलण्याचं काम त्याच्या पोटरीने केलेलंच नसतं. पडद्यावर जे ओलांडलं तेच लगेच खाली ओलांडायचं: दोरी, उशी, लाकडी उंबरठा. हातात काठी असेल तर ती चांगल्या हातात.

लावणीत आणि गणपतीत खाडे होतात, ते गृहीत धरून वेळापत्रक आखलेलं बरं. सलग सहा आठवडे जमणार नसतील तर तीन-तीनचे दोन तुकडे. गणपतीला मुंबईहून येणारा मुलगा कधी कधी घरी हेडसेट घेऊन येतो. घरी तो फक्त दोन हातांच्या खुर्चीत बसून, शेजारी कुणीतरी असताना लावायचा. उभं राहून नाही, मग खेळ कितीही साधा असो. घरची ओटी अरुंद असते आणि झाकलेल्या डोळ्यांना पायरी दिसत नाही.

प्रगती खेळातल्या गुणांवरून लिहू नये. तो खेळ खेळण्याचा सराव झालेला असतो. दोन आठवड्यांनी तोच पॅसेज, तेच १० मीटर, तेच बूट, तोच स्प्लिंट. सेकंदाला ०.१६ मीटरची वाढ झाली तर ती रोजच्या चालण्यात जाणवेल इतकी मानतात. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला लागणारा वेळही त्याच बैठकीत घ्यावा, वळताना किती पावलं पडतात ते मोजावं. सहा आठवडे संपल्यावर महिन्याने पुन्हा बोलवायचं. वेग उतरलेला दिसला तर स्नायूंकडे वळण्याआधी स्प्लिंटचा पट्टा बघायचा. घामाने आणि खाऱ्या हवेने वेल्क्रो महिन्या-दोन महिन्यांत पकड सोडतं, आणि ते शिंपी अर्ध्या तासात बदलून देतो.